बेकायदा सावकारी : कागदाचा फास आणि सुटकेचे मार्ग

पेरणीचा हंगाम, घरातील आजारपण, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य किंवा हातगाडीवरचा दिवसाचा माल यांसाठी तातडीने लागणारा पैसा देशातील असंख्य कुटुंबे आजही सावकाराकडून उभा करतात. सावकारी हा मुळात बेकायदा व्यवसाय नाही. परवाना घेऊन, शासनाने ठरविलेल्या दराने आणि हिशेब ठेवून व्याजाने पैसे देण्यास कायद्याची मुभा आहे. परवान्याशिवाय, मनमानी दराने आणि धाकदपटशाने चालणारा व्यवहार मात्र गुन्हा ठरतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सावकारी आणि शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचे निवारण हे विषय राज्यसूचीत येतात. त्यामुळे यासंबंधीचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत.

या प्रश्नावर सुमारे दीडशे वर्षे कायदे होत आले आहेत. त्यांचा इतिहास पाहता सावकाराचे बळ केवळ चढ्या व्याजात नसल्याचे दिसते. कर्जदाराने सही करून दिलेला कागद आणि त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसणे, या दोन गोष्टींवर ते उभे असते. म्हणूनच या प्रश्नाची सोडवणूक पोलिसी कारवाईइतकीच पतपुरवठ्याच्या सोयीवर आणि समाजाच्या वागणुकीवर अवलंबून आहे.

व्यवहाराचे स्वरूप

बेकायदा सावकारीत व्याज बहुधा दरमहा शेकड्याने सांगितले जाते. 'दहा टक्के' म्हणजे महिन्याला दहा टक्के, अर्थात वर्षाला १२० टक्के. ५० हजार रुपये घेणाऱ्यास दरमहा ५ हजार रुपये निव्वळ व्याजापोटी द्यावे लागतात. दहा महिन्यांत मुद्दलाइतकी रक्कम देऊन होते आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. बाजारपेठांतील रोजच्या वसुलीच्या कर्जात १० हजारांची नोंद करून १ हजार रुपये आधीच कापून घेतले जातात. कर्जदार रोज १०० रुपयांप्रमाणे शंभर दिवसांत १० हजार रुपये फेडतो. वरवर मामुली वाटणाऱ्या या व्यवहाराचा वार्षिक दर ८० टक्क्यांच्या आसपास पडतो.

कर्ज देताना कोरा मुद्रांक, सही केलेले कोरे धनादेश, इसार पावती किंवा थेट जमिनीचे खरेदीखत करून घेतले जाते. पैसे फिटताच जमीन परत करू, असे तोंडी सांगितले जाते. कागदावर मात्र तो कर्जाचा व्यवहार नसून विक्री असते. फेरफार नोंदला जाऊन सातबाऱ्यावरील नाव बदलले की शेतकऱ्याच्या हाती कोणताही पुरावा उरत नाही.

सुप्याचा उठाव

कागदाचे हे सामर्थ्य महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी फार पूर्वी ओळखले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, भारतीय कापसाला मोठी मागणी आली आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढविला. सावकारांनी नवी कर्जे थांबवून जुन्यांची वसुली सुरू केली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठून खतपत्रे आणि हिशेबाच्या वह्या मागितल्या व त्यांची होळी केली. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. माणसांवर हल्ले त्या मानाने फारच कमी झाले. जमावाचा रोख प्रामुख्याने कर्जाच्या दस्तऐवजांवर होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' करण्यात आला. खतावर लिहिलेला आकडा प्रमाण न मानता व्यवहाराच्या मुळाशी जाऊन खरे देणे किती, हे तपासण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयांना मिळाला. कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याच्या प्रथेलाही त्याने आळा घातला. तथापि, कायद्याच्या कचाट्यातून निसटण्यासाठी गहाणाऐवजी खरेदीखत करून घेण्याची युक्ती रूढ झाली. आजच्या बेकायदा सावकारीतही हीच पद्धत दिसते.

स्वातंत्र्यानंतरचे चित्र

सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के वाटा सावकारांचा आढळला. सरकार, सहकारी संस्था आणि व्यापारी बँका यांचा एकत्रित वाटा जेमतेम ७ टक्के होता. त्यानंतर १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ पासून प्रादेशिक ग्रामीण बँका सुरू झाल्या, १९८२ मध्ये 'नाबार्ड'ची स्थापना झाली आणि १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले.

या प्रयत्नांचा परिणाम निश्चितच झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीनुसार २०१९ मध्ये शेतकरी कुटुंबांच्या शिल्लक कर्जापैकी ६९.६ टक्के कर्ज बँका, सहकारी संस्था व सरकारी यंत्रणांचे होते. व्यावसायिक सावकारांचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे पाचव्या हिश्शाहून किंचित अधिक होता. हा उरलेला हिस्सा प्रामुख्याने ज्यांच्या नावावर जमीन नाही, ज्यांचे बँकेतील जुने कर्ज थकले आहे किंवा ज्यांची गरज पिकाऐवजी दवाखान्याची आहे, अशांच्या वाट्याला येतो. कुळाने किंवा खंडाने शेती करणाऱ्याकडे बँकेला दाखविण्यासाठी सातबारा नसतो.

कर्जमाफीचा लाभही या वर्गापर्यंत सहसा पोहोचत नाही. केंद्र सरकारची २००८ ची कर्जमाफी बँका व सहकारी संस्थांच्या कर्जापुरती होती. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांसाठी सावकारी कर्ज फेडण्याची योजना आणली, तीही परवानाधारक सावकारांपुरतीच होती. ज्या कर्जाची कोठेच नोंद नाही, ते फेडण्याचा मार्ग शासनाकडे नसतो.

राज्यांचे कायदे

महाराष्ट्रात १९४६ च्या मुंबई सावकार अधिनियमाची जागा 'महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४' या कायद्याने घेतली. विनापरवाना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोऱ्या कागदावर सही घेणे आणि वसुलीसाठी छळ करणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत. चक्रवाढ व्याजास बंदी असून मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. हिंदू धर्मशास्त्रातील 'दामदुपटी'चा जुना नियमच येथे कायद्यात आला आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये अधिसूचित झालेल्या दरांनुसार शेतकऱ्यांसाठी तारण कर्जास वार्षिक ९ व विनातारण कर्जास १२ टक्के, तर इतरांसाठी अनुक्रमे १५ व १८ टक्के अशी मर्यादा ठरविण्यात आली.

या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद जमिनीविषयी आहे. अवैध सावकारीच्या व्यवहारात मागील १५ वर्षांत बळकावलेली स्थावर मालमत्ता चौकशीअंती मूळ मालकास परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. खरेदीखत नोंदणीकृत असले तरी तो व्यवहार प्रत्यक्षात कर्जापोटी झाला होता का, हे तपासता येते. खताच्या मागे जाऊन सत्य शोधण्याचे १८७९ चे तत्त्व अशा रीतीने पुढे चालू राहिले आहे.

तमिळनाडूने २००३ मध्ये अवाजवी व्याज आकारणीस बंदी करणारा कायदा केला. तेथे 'कंदुवट्टी', 'मीटर वट्टी' आणि तासावर आकारले जाणारे व्याज असे सावकारीचे प्रकार बोलीभाषेतच रूढ आहेत आणि कायद्यानेही त्यांची दखल घेतली. तीन वर्षांपर्यंत कारावास व ३० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. तरीही ऑक्टोबर २०१७ मध्ये तिरुनेलवेली जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात सावकारी जाचाला कंटाळलेल्या एका मजूर कुटुंबातील चौघांनी जीव गमावला. वारंवार अर्ज करूनही दखल घेतली गेली नाही, असा आरोप त्यानंतर झाला. तक्रारीची तड लागत नसेल तर कायद्याचा आधार कागदोपत्रीच राहतो, याची जाणीव या घटनेने देशाला करून दिली.

परवाना किंवा नोंदणी असलेल्या संस्थाही जाचक वसुलीपासून मुक्त राहिलेल्या नाहीत. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या वसुलीवर निर्बंध घालण्यासाठी आंध्र प्रदेशाला २०१० मध्ये अध्यादेश काढावा लागला. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच स्वरूपाचा अध्यादेश काढून दहा वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली.

भ्रमणध्वनीवरील सावकार

गेल्या काही वर्षांत सावकारीने नवे रूप धारण केले आहे. भ्रमणध्वनीवरील ॲपमधून काही मिनिटांत कर्ज मिळते. त्यासाठी जमीन किंवा दागिने तारण ठेवावे लागत नाहीत, परंतु फोनमधील संपर्क क्रमांक आणि छायाचित्रे ॲपच्या ताब्यात जातात. हप्ता चुकताच नातेवाईक, सहकारी व शेजाऱ्यांना बदनामीकारक संदेश पाठविले जातात. पूर्वी कोऱ्या मुद्रांकाचे जे काम होते, ते येथे कर्जदाराच्या अब्रूकडून करून घेतले जाते.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाला जानेवारी व फेब्रुवारी २०२१ या दोन महिन्यांत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली आणि त्यांपैकी ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांनुसार कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा करणे आणि सर्व आकार धरून होणारा वार्षिक दर आधी सांगणे बंधनकारक करण्यात आले. संपर्क यादी व छायाचित्रे पाहण्यासही मनाई करण्यात आली. मे २०२५ मध्ये हे नियम एकत्रित निर्देशांच्या रूपाने नव्याने जारी झाले. मात्र हे नियम बँका व नोंदणीकृत वित्तसंस्थांनाच बांधील करतात. अज्ञात ठिकाणाहून चालणाऱ्या बनावट ॲपविरुद्ध पोलिसांच्या सायबर विभागालाच कारवाई करावी लागते.

कारवाईनंतर काय ?

केरळचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. मे २०१४ मध्ये तेथील पोलिसांनी 'ऑपरेशन कुबेर' ही मोहीम हाती घेतली. राज्यभर छापे घालण्यात आले आणि कोरे धनादेश, मुद्रांक व जमिनीची कागदपत्रे जप्त झाली. परंतु छाप्याने सावकार हटला तरी कर्जाची गरज हटत नाही. पुढे २०१८ मध्ये राज्याच्या सहकार विभागाने 'मुट्टत्ते मुल्ला', म्हणजे 'अंगणातील मोगरा', ही योजना पालक्काड जिल्ह्यातून सुरू केली. 'कुटुंबश्री'च्या महिला गटांमार्फत सहकारी संस्थेचे छोटे कर्ज घरपोच देणे आणि आठवड्याच्या हप्त्याने दारातच वसुली करणे, अशी तिची रचना आहे. सावकाराची तत्परता व घरपोच सेवा या योजनेने स्वीकारली. व्याज मात्र वर्षाला १२ टक्के ठेवले.

हा विचार नवा नाही. अहमदाबादेत १९७४ मध्ये 'सेवा' संघटनेच्या चार हजार कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भागभांडवल घालून स्वतःची सहकारी बँक उभी केली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. 'नाबार्ड'ने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि तो पुढे देशभर पसरला. फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या 'पीएम स्वनिधी' योजनेत सुरुवातीला १० हजार रुपयांचे विनातारण कर्ज देण्यात आले. शेतकऱ्यांसाठी विनातारण कर्जाची मर्यादा जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपये झाली.

समाजाची भूमिका

कर्जदाराला सर्वांत अधिक एकाकी करते ती लाज. देणे चार लोकांत कळू नये म्हणून तो एका सावकाराचे व्याज भागविण्यासाठी दुसऱ्याकडे जातो. ऋणको बोलू लागला की धनकोचे निम्मे बळ सरते. त्यामुळे ग्रामसभा, बचत गट, शिक्षक आणि आरोग्यसेविका यांनी अशा कुटुंबाला दोष न देता त्याचे म्हणणे ऐकणे हे पहिले सामाजिक साहाय्य होय. लग्न व अन्य समारंभांवरील अवाजवी खर्चाला गावाने मिळून मर्यादा घालणे, हाही त्याचाच भाग आहे.

दुसरी गरज कागदाविषयीच्या साक्षरतेची आहे. कोऱ्या कागदावर सही न करणे, प्रत्येक हप्त्याची पावती घेणे आणि शक्यतो पैसे खात्यामार्फत देणे, एवढी दक्षताही पुढे चौकशीत निर्णायक ठरू शकते. महाराष्ट्रात तालुका पातळीवर सहकारी संस्थांचे सहायक निबंधक, जिल्ह्यात जिल्हा उपनिबंधक आणि पोलीस ठाणे येथे तक्रार करता येते. ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीसाठी १९३० ही सायबर मदतवाहिनी आणि रिझर्व्ह बँकेचे 'सचेत' संकेतस्थळ उपलब्ध आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिकांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये खतपत्रे जाळली, कारण त्या कागदांविरुद्ध दाद मागण्याची जागा त्यांना उपलब्ध नव्हती. आज ती जागा कायद्याने निर्माण केली आहे. तेथपर्यंत पोहोचण्याचे धैर्य कर्जदाराला मिळावे आणि अडचणीच्या दिवशी सावकाराच्या आधी बँकेचे किंवा बचत गटाचे दार त्याला उघडे सापडावे, ही जबाबदारी शासन आणि समाज यांनी मिळून पेलावयाची आहे.