हाताच्या ताठरपणावरील शस्त्रक्रिया

मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या इजेमुळे सतत आखडून राहणारा हात उघडता यावा, वापरता यावा किंवा निदान स्वच्छ ठेवता यावा यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया. या ताठरपणाला वैद्यकात स्पॅस्टिसिटी म्हणतात. अर्धांगवायू, डोक्याला बसलेला मार आणि जन्माच्या आगेमागे मेंदूला पोचलेली इजा, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, ही त्याची मुख्य कारणे. अंगावरून वारे गेल्यावर आधी लुळा पडलेला हात काही आठवड्यांत आवळू लागतो आणि घरच्यांना वाटते, ताकद परत येते आहे. प्रत्यक्षात स्नायूंवरचा मेंदूचा आवर सुटलेला असतो. स्नायू ताणला की तो उलट आकुंचन पावतो, आणि जितक्या झटक्याने ताणावा तितका जोराने. ताणाच्या वेगाशी असलेले हे नाते ऑस्ट्रेलियन मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली व्याख्येत मांडले. आखडलेली मूठ हिसडा देऊन कधीही उघडू नये, सावकाश उघडावी, ते याच कारणाने.

अशा हाताची ठेवण बहुधा ठरलेली असते: खांदा अंगाशी चिकटलेला, कोपर दुमडलेले, तळवा जमिनीकडे वळलेला, मनगट खाली वाकलेले, बोटांची मूठ आणि अंगठा मुठीच्या आत. व्यायाम, रात्री बांधायची खपाची (स्प्लिंट), बॅक्लोफेनसारख्या गोळ्या आणि बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने हे पहिले उपाय. टॉक्सिनचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. या सर्वांनी भागत नसेल तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. अर्धांगवायूनंतर निदान सहा महिने आणि डोक्याच्या मोठ्या इजेनंतर त्याहून बरेच अधिक थांबण्याचा प्रघात आहे, कारण तोवर मेंदू आपणहून काही सुधारणा करत असतो. मुलांमध्ये कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, बदलण्याची शस्त्रक्रिया सहसा सहा-सात वर्षांच्या पुढे करतात. सांगितलेले व्यायाम त्या वयात मूल समजून करू शकते.

तपासणीत एक प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. हा निव्वळ ताठरपणा आहे, की स्नायू आणि सांधे कायमचेच आखूड झाले आहेत? दिसायला दोन्ही हात सारखे, उपचार मात्र वेगळे. त्यासाठी संबंधित मज्जातंतूभोवती बधिर करणारे औषध टोचून पाहतात. काही मिनिटांत मूठ सैल पडली तर दोष मुख्यतः ताठरपणाचा. तरीही उघडली नाही तर आखूडपणाचा. बहुतेक जुन्या हातांत दोन्हींची मिसळ असते. याच्याच जोडीला डोळे मिटून तळहातावर नाणे, किल्ली, गोटी ठेवून ओळखायला सांगतात. सेरेब्रल पाल्सीच्या अनेक मुलांना ही ओळख नीट होत नाही. ज्या हाताला वस्तू कळत नाही तो हात, उघडता आला तरी, मूल फारसा वापरत नाही, आणि हे पालकांना शस्त्रक्रियेआधी सांगितलेच पाहिजे.

अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक एदुआर्दो झांकोली यांनी केलेले या हातांचे वर्गीकरण आजही उपयोगी पडते. मनगट जवळजवळ सरळ, म्हणजे वीस अंशांहून कमी वाकलेले ठेवून बोटे पूर्ण उघडता आली तर पहिला प्रकार. बोटे उघडण्यासाठी मनगट त्याहून अधिक वाकवावे लागत असेल तर दुसरा. मनगट पूर्ण वाकवूनही बोटे उघडत नसतील तर तिसरा. यामागचे तत्त्व कोणालाही स्वतःच्या हातावर पाहता येते: मनगट खाली सोडले की बोटे आपोआप सैल होतात, वर उचलले की मिटू लागतात.

हे तत्त्व विसरल्याने एका चांगल्या शस्त्रक्रियेचे नुकसान झालेले आहे. अमेरिकेत विल्यम ग्रीन यांनी १९४२ साली वर्णन केलेल्या या पद्धतीत मनगटाला करंगळीच्या बाजूने खाली ओढणारी कंडरा तिच्या जागेवरून सोडवतात, हाताच्या कडेवरून मागे वळवतात आणि मनगट वर उचलणाऱ्या कंडरेला जोडतात. वाकवणारी ओढ कमी होते, उचलणारी वाढते, आणि तळवाही थोडा वर वळतो. परंतु मनगट सरळ धरल्यावर रुग्णाला बोटे उघडता येतात की नाही, हे आधी पाहिले नाही तर? मनगट सुरेख सरळ होते आणि मूठ कायमची मिटते. आधी मनगट वाकवून का होईना, ज्या हाताने पेला धरता येत होता, त्याने तेही जमत नाही. अशा वेळी बोटे मिटवणाऱ्या कंडरा त्याच वेळी लांबवाव्या लागतात किंवा नवी जोडणी बोटे उघडणाऱ्या कंडरांकडे वळवावी लागते.

कोपरात दंडाचा स्नायू इंग्रजी झेडच्या आकाराच्या छेदाने लांबवतात. कोपराखालच्या स्नायूंचे मूळच हाडावरून सोडवून खाली सरकवण्याची पद्धत ब्रिटनमधील मॅक्स पेज यांच्या नावाने १९२३ पासून ओळखली जाते. तळव्यात रुतलेला अंगठा बाहेर काढण्यासाठी त्याला आत ओढणारा स्नायू सैल करतात, आणि गरजेप्रमाणे बाहेर खेचणाऱ्या कंडरेला बळ देतात. मनगट फारच वाकलेले असेल तर त्याचा सांधा सरळ स्थितीत जखडून टाकतात.

ज्या हातात हेतुपूर्वक हालचाल उरलेलीच नाही त्याच्यासाठीही शस्त्रक्रिया आहे, आणि तिला दुय्यम समजणे हा प्रस्तुत लेखकाच्या मते मोठा अन्याय आहे. वर्षानुवर्षे मिटलेल्या मुठीत नखे तळव्यात रुततात, घाम साचून कातडी भिजते, वास येतो, जखमा होतात. आंघोळ घालणे, नखे काढणे, बाही चढवणे, प्रत्येक वेळी रुग्ण कळवळतो आणि काळजी घेणारी व्यक्तीही. अशा हातात बोटांच्या वरच्या थरातल्या कंडरा खालच्या बाजूला आणि खोल थरातल्या वरच्या बाजूला कापून एकमेकींना जोडतात; त्यामुळे एकदम बरीच लांबी मिळते. पकड दुबळी होते, म्हणून वापरत्या हातात ही पद्धत टाळतात. पण तळवा धुता येतो, जखम भरते, झोप लागते. हे यश मोजण्याजोगे आहे.

मज्जातंतूंवरच्या शस्त्रक्रियांचा मार्ग वेगळा. जर्मनीत स्टोफेल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ताठर स्नायूंकडे जाणारे तंतू निवडून कापले. इटलीच्या ब्रुनेल्ली यांनी १९८० च्या दशकात स्नायूच्या अगदी जवळ जाऊन छेद घेण्यावर भर दिला, आणि पॅरिसच्या कॅरोलिन लेक्लेर्क यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ही पद्धत आणखी काटेकोर केली. तंतू स्नायूत शिरतो तिथे त्याच्या प्रत्येक शाखेचा सुमारे दोनतृतीयांश भाग कापला जातो. ताठरपणा उतरतो, ताकद बरीचशी राहते, त्वचेची संवेदना शाबूत. आखूड झालेला स्नायू मात्र याने लांब होत नाही, म्हणून बधिर करण्याची ती चाचणी इथे निर्णायक ठरते.

अलीकडचे सर्वांत धाडसी पाऊल शांघायमध्ये पडले. मानेतून निघणारा सातवा मज्जातंतू निरोगी बाजूने घेऊन लुळ्या बाजूच्या सातव्या तंतूला जोडायचा, म्हणजे शाबूत अर्धमेंदूने दोन्ही हातांचा कारभार पाहायचा. शू वेन्दोंग यांच्या गटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ३६ रुग्ण होते. निम्म्यांवर शस्त्रक्रिया आणि व्यायाम, उरलेल्यांना केवळ व्यायाम. वर्षभरानंतर हाताच्या हालचालींच्या गुणांकात पहिल्या गटाची सरासरी वाढ १७.७, दुसऱ्याची २.६. निरोगी हाताला काही काळ बधिरपणा व अशक्तपणा येतो. ज्याच्याकडे एकच कामाचा हात उरला आहे, त्याने हा धोका नीट समजून घेऊनच होकार द्यावा.

भारतात हाताच्या पुनर्रचनेचा पाया कुष्ठरोगाने आणि पोलिओने घातला. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून कुष्ठरुग्णांच्या हातांतील कंडरा बदलल्या. मुंबईत फातेमा इस्माईल यांनी मुलीच्या पोलिओनंतर १९४७ साली अपंग मुलांसाठी संस्था उभी केली; पुढे तिचे रुग्णालय हाजीअलीला झाले. पण तिथले गणित ताठर हाताला लागू पडत नाही. पोलिओत स्नायू एक तर मेलेला असतो नाही तर आज्ञेत असतो. ताठर हातातला स्नायू जिवंत असतो, जोरकसही, पण हवा त्या क्षणी चालत नाही आणि नको तेव्हा चालतो. असा स्नायू दुसरीकडे जोडला की तिथेही आपला स्वभाव घेऊन जातो. मुंबईतच १९७२ साली मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उपचारांच्या बरोबरीने पुढे आणला.

या कामाचा दुसरा खांब ऑक्युपेशनल थेरपीचा. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर निंबकर कुटुंबात आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचे भारतातले पहिले विद्यालय सुरू केले. हाताच्या शस्त्रक्रियेचा निम्मा निकाल तिथे शिकवल्या जाणाऱ्या कामावर ठरतो: चार ते सहा आठवडे प्लास्टर, मग काही महिने खपाची, आणि जागा बदललेल्या स्नायूला नवे काम शिकवणारा रोजचा सराव.

कर्नाटकातल्या अळणावरसारख्या गावात खरी अडचण या सरावाची येते. हुबळी–लोंढा लोहमार्गावरचे हे स्थानक. धारवाड, हुबळी आणि बेळगाव या तिन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, त्यामुळे सल्ल्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. शस्त्रक्रियेसाठी एकदा जाणे जमते. आठवड्यामागून आठवडे व्यायामासाठी जाणे मजुरी बुडवते. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी थेरपिस्टची गाठ घालून घरचा सराव कोणी, कसा घ्यायचा हे प्रत्यक्ष करून दाखवण्याचा आग्रह धरावा. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अर्धांगवायूचे रुग्ण या योजनेत बसत नाहीत. वाढत्या वयाच्या मुलांत हाडे स्नायूंपेक्षा वेगाने वाढत असल्याने आखूडपणा पुन्हा येऊ शकतो, आणि वाढ थांबेपर्यंत ठरावीक अंतराने हात दाखवत राहावा लागतो.