किसान क्रेडिट कार्ड की साधे क्रेडिट कार्ड? सीमाभागातील शेतकऱ्याने काय निवडावे

बीदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे ईशान्येकडील जिल्हे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आली आहेत. तूर, उडीद, मूग, सोयाबीन ही येथील मुख्य पिके. बीदरमध्ये ऊसही मोठ्या प्रमाणावर होतो. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. अशा कुटुंबाला पेरणीच्या तोंडावर पैसा लागतो, आणि तेव्हा कोणते कार्ड हाती आहे यावर वर्षाचा हिशेब ठरतो.

व्याजातील अंतर

किसान क्रेडिट कार्ड योजना 1998 मध्ये सुरू झाली. 2018-19 च्या अर्थसंकल्पानंतर पशुपालन व मत्स्यव्यवसायालाही तिचा लाभ मिळू लागला. तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज सात टक्के असते व वेळेवर फेड केल्यास तीन टक्क्यांची सूट मिळून ते चार टक्क्यांवर येते. साध्या क्रेडिट कार्डावरील थकबाकीला मात्र दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकते. एक लाख रुपये वर्षभर वापरल्यास पहिल्या कार्डावर चार हजार, तर दुसऱ्यावर सुमारे बेचाळीस हजार रुपये व्याज होते. त्यामुळे बियाणे व खतासाठी साधे कार्ड वापरणे परवडणारे नाही.

कर्नाटक सरकारने सहकारी संस्थांमार्फत दिल्या जाणाऱ्या बिनव्याजी अल्पमुदत कर्जाची मर्यादा 2023-24 मध्ये तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली. गावच्या सहकारी संघाचे सभासद असल्यास प्रथम तेथे चौकशी करावी.

मर्यादा कशी ठरते

पिकाचा जिल्ह्यासाठी निश्चित केलेला एकरी कर्जदर गुणिले क्षेत्र, त्यावर घरखर्च व काढणीनंतरच्या खर्चासाठी दहा टक्के, अवजारांच्या देखभालीसाठी वीस टक्के आणि विम्याचा हप्ता, असा हा हिशेब असतो. उदाहरणादाखल एकरी वीस हजारांचा दर धरल्यास चार एकरांना, विमा वगळून, 1,04,000 रुपये होतात. कार्डाची मुदत पाच वर्षे असून दरवर्षी आढावा घेतला जातो. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही.

कर्नाटकात सातबाऱ्याऐवजी पहाणीचा उतारा लागतो, तसेच ‘फ्रूट्स’ संकेतस्थळावरील शेतकरी नोंदणी क्रमांकही विचारला जातो. उताऱ्यावरील नाव व पीकनोंद अर्जापूर्वीच तपासून घ्यावी. वारसाची नोंद राहिली असेल तर कर्ज तेथेच अडते.

फेडीची तारीख

तूर डिसेंबर-जानेवारीत घरात येते आणि आवक वाढताच भाव उतरतो. भाव येईपर्यंत थांबावे, तर सुटीची मुदत निसटते. यावर एक मार्ग आहे: कार्डधारक लहान व सीमांत शेतकऱ्याने मान्यताप्राप्त गोदामात माल ठेवल्यास त्याच्या पावतीवर सहा महिन्यांपर्यंत सवलतीच्या दराने कर्ज मिळू शकते.

साधे कार्ड केव्हा?

नियमित पगार असल्यास व संपूर्ण देयक दरमहा भरता येत असल्यास ते उपयुक्त ठरते. केवळ किमान रक्कम भरल्यास व्याज चालूच राहते, आणि रोख काढल्यास पहिल्या दिवसापासून लागते. न मागितलेले कार्ड बँकेने पाठवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कार्ड बंद करण्याची विनंती, थकबाकी नसल्यास, सात कामकाजी दिवसांत पूर्ण झाली पाहिजे. अन्यथा दररोज पाचशे रुपये दंड ग्राहकाला मिळतो.

केंद्राचे हे नियम गोव्यातही तेच आहेत. येथे पहाणीच्या जागी एक-चौदाचा उतारा लागतो, आणि राज्याची व्याजसवलत वेगळी असल्याने ती बँकेत विचारून घ्यावी.