समुद्र नसलेल्या गावातला व्यायाम

गोकर्ण, मुळकी, आश्वे, वर्कला. यांपैकी कुठल्याही सर्फ रिट्रीटचे वेळापत्रक उघडून पाहा. सकाळी सहाला सूर्यनमस्कार, साडेसातला फळी घेऊन पाण्यात, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी प्राणायाम. दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर बसणाऱ्या माझ्या पिढीच्या डोक्यात हे वेळापत्रक इतके पक्के बसले आहे की ‘नोकरी सोडून करणार काय?’ या प्रश्नाचे ते जवळपास ठरलेले उत्तर झाले आहे. माझ्या ओळखीतल्या दोघांनी ते उत्तर प्रत्यक्षात आणलेही. बाकीचे आम्ही दर अप्रेझलनंतर त्यांचे फोटो बघतो.

मी अकोल्याचा. आमच्याकडून मुंबईचा समुद्र रेल्वेने जवळपास सहाशे किलोमीटर. पाणी म्हणजे मोर्णा, तीही पावसाळ्यात. त्यामुळे समुद्रकाठच्या या जीवनाशी आपला काही संबंध नाही, असे मला बरीच वर्षे वाटे. पण वेळापत्रकातल्या पहिल्या ओळीचा, सकाळी सहाच्या त्या सूर्यनमस्कारांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा दिसले की या जीवनाचा अर्धा भाग कोरड्या मुलखातून गेलेला आहे. त्याच्या वाटेवर औंध आहे, लोणावळा आहे आणि अकोल्यापासून दोन तासांवरची अमरावतीही आहे.

सुरुवात औंधपासून करू. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या या छोट्या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत. केवळ घालत नव्हते, तर त्यांचा प्रचार करत. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला आणि त्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. १९२८ साली त्यांचे सूर्यनमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक आले. १९३८ मध्ये लंडनमधून त्याची नवी आवृत्ती ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने निघाली. आज जगभर योगवर्गाची सुरुवात ज्या नमस्कारांनी होते, ते त्या काळी योगासनांपेक्षा जोर-बैठकांच्या अधिक जवळचे मानले जात. म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णमाचार्यांची योगशाळा १९३३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथेही सूर्यनमस्कारांचा वर्ग योगशाळेहून वेगळा चाले. आसने आणि नमस्कार यांची सांधेजोड नंतरची आहे.

दुसरा धागा जगन्नाथ गणेश गुणे यांचा, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे धडे घेतले, अमळनेरला शिक्षकी केली आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले. त्यानंतर त्यांनी जे केले ते माझ्यासारख्या इंजिनिअरला फार भावते. नौली आणि उड्डियान करताना पोटात नेमके काय घडते हे पाहण्यासाठी ते १९२०च्या सुमारास क्ष-किरण यंत्राकडे गेले. नौली करताना आतड्यात दाब उणे होतो असे त्यांना आढळले. त्याला त्यांनी गुरूचे नाव दिले, ‘माधवदास व्हॅक्यूम’. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. पुढे मुंबईत मरीन ड्राइव्हवर, थेट समुद्रासमोर, कैवल्यधामचे केंद्र आले. पण तिथे लोक येत ते प्रकृती सुधारायला, समुद्र बघायला नव्हे. कुवलयानंदांना योग गुहेतून काढून शाळेच्या मैदानावर आणायचा होता. ओळीत उभ्या मुलांनी एकाच आज्ञेवर करायच्या ‘यौगिक संघ व्यायामा’वर त्यांनी पुस्तिकाही लिहिली.

ओळीत, एका आज्ञेवर. हा शब्दप्रयोग आला की आम्हां वऱ्हाडातल्या लोकांना अमरावती आठवते. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये ‘हनुमान क्लब’ सुरू केला, त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, आसने हे सारे एका आवारात. उन्हाळ्यात गावोगावचे तरुण तिथे प्रशिक्षणाला येत आणि परत जाऊन आपापल्या गावात आखाडे चालवत. क्रांतिकारक राजगुरूही तिथे शिकून गेले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वैद्य बंधूंनीही आयुष्य व्यायामाभोवतीच रचले होते, असे म्हणता येईल. फरक इतकाच की त्यासाठी ते गाव सोडून कुठे गेले नाहीत. आज त्या मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालयसुद्धा आहे, म्हणजे आखाडा आणि कॉम्प्युटर लॅब एकाच संस्थेच्या नावाखाली नांदतात.

आता वेळापत्रकातली दुसरी ओळ, फळी घेऊन पाण्यात. तिचे मूळ हवाई बेटांवर. तिथे लाटेवर स्वार होणे हा सरदारांचा, सामान्यांचा, बायकांचा, पुरुषांचा, सगळ्यांचाच खेळ होता. १८२० पासून मिशनरी आले. उघड्या अंगाने दिवसभर पाण्यात रमणे त्यांना आळस आणि अनीती वाटे. पण मिशनऱ्यांच्या नापसंतीपेक्षा मोठा घाव बाहेरून आलेल्या रोगांनी घातला. लोकसंख्या कोसळत गेली आणि १८९०च्या शिरगणतीत मूळ हवाईयन वंशाचे सुमारे चाळीस हजार लोकच उरले. १८९३ मध्ये राणीचे राज्य उलथवले गेले, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. खेळणारेच उरले नाहीत तेव्हा खेळही क्षीण झाला.

तो परत उभा राहिला तोही क्लबांतून. १९०८ मध्ये वाइकिकीच्या किनाऱ्यावर आउटरिगर कनू क्लब निघाला. त्याचे सभासद मुख्यतः गोरे. त्याच किनाऱ्यावर हवाईयन तरुणांनी स्वतःचा ‘हुई नालू’ क्लब १९११ मध्ये रीतसर स्थापन केला. त्यातला एक ड्यूक काहानामोकू. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पुढे १९१४-१५च्या उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत) सिडनीजवळ फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर एक लाकडी फळी स्वतः तासून त्याने ऑस्ट्रेलियाला सर्फिंग करून दाखवले.

१९१४ हे साल इथे पुन्हा आले. अमरावतीचे वैद्य बंधू आणि वाइकिकीचा ड्यूक यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याची शक्यता जवळपास शून्य. पण दोन्हीकडे राज्य गेलेले लोक होते, ‘दुबळे’, ‘आळशी’ हे शिक्के कपाळी होते आणि दोघांनीही उत्तर शरीराने दिले. ते एकेकट्याने दिले नाही. क्लब काढला, मंडळ काढले, पोरे जमवली, शिकवली.

हे दोन प्रवाह भेटले कुठे? कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटास या गावी. परमहंस योगानंदांचा आश्रम तिथे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात समुद्राच्या कड्यावर बांधला गेला. कड्याच्या टोकाशी असलेले मंदिर जमीन खचून १९४२ मध्ये कोसळले, आश्रम मात्र राहिला. त्याच्याखाली उत्तम लाटा येतात. सर्फर मंडळींनी त्या जागेचे नाव ठेवले ‘स्वामीज्’, ते आजही तेच आहे. १९७५ मध्ये म्हैसूरचे पट्टाभी जोइस याच एन्सिनिटासला शिकवायला आले. कृष्णमाचार्यांच्या या शिष्याच्या अष्टांग विन्यास पद्धतीत दिवसाची सुरुवातच सूर्यनमस्कारांनी होते. सकाळी चटईवर आणि मग फळीवर, ही सांगड तिथे सहज रुजली. भारतात ती आली ती परदेशवारी करून. २००४च्या सुमारास मंगळूरजवळच्या मुळकीला जॅक हेब्नर या अमेरिकन वैष्णव संन्याशाने आश्रमातच सर्फिंग सुरू केले. लोक त्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणू लागले. देशातल्या पहिल्या सर्फ क्लबाचा मान त्यांच्याकडे जातो.

म्हणजे औंधच्या शाळेतला मुलगा आणि आश्व्याच्या किनाऱ्यावरचा माजी प्रोजेक्ट मॅनेजर यांचे नमस्कार एकाच वंशावळीतले. पण या प्रवासात एक गोष्ट गळून पडली आणि माझे सगळे कुतूहल तिच्याभोवती आहे. ती म्हणजे शेजारचा माणूस. औंध, लोणावळा, अमरावती, वाइकिकी, सगळीकडे प्रश्न होता आपल्या लोकांच्या शरीराचे काय करायचे. रिट्रीटच्या माहितीपत्रकात प्रश्न असतो तुमच्या शरीराचे, तुमच्या ताणाचे काय.

हे गळून पडले याचे मी फक्त दुःख करत नाही. एका आज्ञेवर हलणाऱ्या शेकडो शरीरांचे आकर्षण विसाव्या शतकात कुठे जाऊन पोचले हे बर्लिनच्या त्याच १९३६च्या मैदानावर दिसत होते. आपले आखाडे बहुतांशी पुरुषांचे राहिले. सक्तीचे नमस्कार घालणाऱ्या मुलांना ते आवडत होते का, हे त्यांना कुणी विचारले नसावे. शिट्टी नाही, रांग नाही, जमेल तितके करा आणि पाण्यात पडा, बायकांनीही पडा, हा मोकळेपणा समुद्रकाठच्या जीवनाने दिला. ती कमाई खरी आहे.

पण शेजारचा माणूस आज्ञेशिवायही सोबत राहू शकतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात या. आदल्या रात्री तरुणांची मंडळे गांधीग्रामला जातात, पूर्णेचे पाणी भरतात आणि सुमारे अठरा किलोमीटर अनवाणी चालत राजराजेश्वराला आणतात. मोठ्या कावडींना भरण्यांच्या रांगाच रांगा बांधलेल्या असतात. ते ओझे खांद्यावर तोलताना एकाची चाल चुकली तर सगळ्यांचा तोल जातो, म्हणून खांदेपालट सतत चालू राहते. पाणी, तोल, श्वास, दमलेले पाय हे सर्फिंगचेच सगळे घटक. फक्त एकट्याला ते जमत नाही.

आणि समुद्रकाठीही उदाहरण आहे. चेन्नईजवळच्या कोवलम गावात मूर्ती मेगवन या मच्छीमाराने लाटांवर उभे राहायला शिकून घेतले. पुढे इतरांच्या साथीने तिथे सर्फ शाळा उभी राहिली आणि कोळ्यांची पोरे शिकून स्वतः शिकवू लागली. १९१४ साली जे अमरावतीत चालले होते, त्याच्याशी हे जुळते.

म्हणून समुद्राकाठी निघालेल्या मित्रांना मी आता ‘परत कधी येणार?’ किंवा ‘पैशाचे काय?’ असे विचारत नाही. तिथे तू कुणाला शिकवशील, आणि तू निघून आल्यावर ते कोण चालवेल, एवढे विचारतो. एकाने उत्तर दिले, ‘अजून ठरवलं नाही.’ मला ते प्रामाणिक वाटले. वैद्य बंधूंनी पहिल्या दिवशी तरी सगळे ठरवले असेल, असे मला वाटत नाही.