जीपवाल्यांचा फुटबॉल

माणूस गेला की त्याची तेरवी होते. मंडळ गेले की त्याची कार्यकारिणी मागे उरते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात अशी मंडळे हवी तेवढी सापडतील. बोर्ड आहे, रबरी शिक्का आहे, तहहयात अध्यक्ष आहेत, फक्त मंडळ तेवढे नाही. पण भारताचे विजेतेपद पटकावलेला फुटबॉलचा क्लब जातो तेव्हा काय होते? एक पत्रक निघते. बस्स, संपले!

मी म्हणतोय तो मुंबईचा महिंद्र युनायटेड. जन्म 1962, मृत्यू 2010. आता तुम्ही म्हणाल, "काऊन भाऊ, पोस्टल ग्राउंडवर चक्कर मारणाऱ्या माणसाने कूपरेजवरच्या क्लबची उठाठेव कायले करावी?" तर त्याचे असे आहे की, हे नाव आमच्याकडे फुटबॉलच्या किती तरी आधी येऊन पोचले होते, आणि तेही जीपमध्ये बसून. घाटंजी असो की पांढरकवडा, लांबवर धुरळा दिसला की शेंबडे पोरही सांगायचे, साहेब आले! तहसीलदार, जंगलखाते, बीडीओ आणि निवडणुकीत हात जोडून उभा राहिलेला उमेदवार, सगळे एकाच वाहनातून. चाक मुरमाचे असो की काळ्या मातीचे, जीप कुठे अडत नसे. पुढे ट्रॅक्टरही आला. त्यामुळे महिंद्र म्हणजे चालणारी वस्तू, हा आमचा पक्का समज. ती बंद पडू शकते, हे कानाला पटत नाही.

या कंपनीची जन्मकथाही गमतीदार आहे. 1945 साली ती निघाली तेव्हा नाव होते महिंद्र अँड महंमद. फाळणी झाली आणि भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. मग 1948 साली कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. 'एम अँड एम' छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून असे केले, असे सांगतात. खरे असेल. देश तुटला तरी स्टेशनरी वाचवावी, हा हिशेबीपणा कुठल्याही मराठी घराला पटण्यासारखा आहे.

त्या काळी मुंबईत कंपन्यांचे फुटबॉल संघ असत. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, बँका. खेळाडूचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असे. ही व्यवस्था साधी समजू नका. "मुलगा फुटबॉल खेळतो" असे सांगितले तर मुलीचा बाप चहाही न पिता उठायचा. "मुलगा कंपनीत कायम आहे, फुटबॉलही खेळतो" म्हटले की पत्रिका मागून घ्यायचा. खेळाची चूल नोकरीवर पेटत होती.

शिवाय मुंबईत रोव्हर्स कप होता. 1891 साली सुरू झालेला. पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोल्जरांचा. देशी संघाला तो जिंकायला 1937 साल उजाडले, आणि जिंकला तो बंगलोर मुस्लिम्सने. पुढे 1950 ते 1954 अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो उचलला. पोलिसांच्या पायातला चेंडू काढून घ्यायला जाणार तरी कोण म्हणा! हा कपही 2000-01 नंतर झाला नाही. म्हणजे आधी मांडव गेला, मग वऱ्हाड.

पण वऱ्हाडाने जाण्याआधी धमाल उडवली. 1998 साली जीपवाल्यांनी ड्युरंड कप जिंकला. 2000 साली नाव बदलून 'युनायटेड' झाले. 2001 साली पुन्हा ड्युरंड, 2003 आणि 2005 साली फेडरेशन कप. आणि 2005-06 च्या मोसमात थेट राष्ट्रीय लीगचे विजेतेपद! 1996 पासून 2007 पर्यंत चाललेली ही लीग महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही संघाला जिंकता आली नाही. प्रशिक्षक डेरिक परेरा गोव्याचे, बारेटो ब्राझीलचा, युसुफ याकुबू घानाचा आणि पगार मुंबईचा. 'युनायटेड' म्हणतात ते याला. 2008 साली आणखी एक ड्युरंड झाला.

आणि 2010 च्या मार्चमध्ये कंपनीने जाहीर केले की, मोसम संपला की संघ बंद. यापुढे लक्ष शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे. हेतू चांगलाच होता, त्याला कोण नावे ठेवील? पण मोठा भाऊ घरातून काढून धाकट्याचे बारसे करावे, तसे काहीसे वाटले. पुढच्याच वर्षी, 2011 साली, राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता फगवाड्याचा जेसीटी, त्यानेही गाशा गुंडाळला.

तिकडे मध्य अमेरिकेत 1969 साली एल साल्वादोर आणि होंडुरास या दोन देशांत फुटबॉलच्या सामन्यांचे निमित्त होऊन चार दिवसांची खरी लढाई झाली. भांडण मुळात जमिनीचे आणि स्थलांतराचे होते, पण ठिणगी चेंडूची. इतके टोक नको रे बाप्पा! पण एखादी हरताळ? एखादा मोर्चा? महिंद्रच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

कारण उघड आहे. कलकत्त्यात ईस्ट बंगाल जिंकली की हिलसा, मोहन बागान जिंकली की कोळंबी. तिथे क्लब स्वयंपाकघरात शिरलेला आहे. तो बंद करायचा तर आधी बायकांची परवानगी लागेल. महिंद्र खेळली झकास, पण ती जिंकली म्हणून कुणाच्या घरी पातेले चढले नाही. ती कंपनीची होती. गावाची व्हायची राहून गेली.

आमची शकुंतला पहा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही छोट्या रुळांची गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. तिचा वेग असा की, उतरून लघवीला जाऊन पुन्हा चढावे. आता तीही बंद आहे. पण तिच्यासाठी इथली माणसे निवेदने देतात, समित्या काढतात, खासदारांच्या मागे लागतात. हिशेबाच्या वहीत तिचा तोटाच निघेल. पण ती 'आमची' होती, आणि 'आमची' हा रकाना हिशेबाच्या वहीत नसतो.

म्हणून एक सुचवतो. तुमच्या गावात पोरांनी फुटबॉलचा संघ काढला आणि वर्गणीला आली, तर तोंड चुकवू नका. दहा रुपये द्या, पण द्या. कंपनीचा चेक मोठा असतो, मान्य. पण संघ बंद पडतो म्हटल्यावर चेक भांडायला येत नाही. दहा रुपये देणारा माणूस येतो, पावती घेऊन येतो.