दोरीवरची दुर्बीण

गेल्या डिसेंबरात मुळशीच्या पुढे एका मित्राच्या शेतावर दुर्बीण घेऊन गेलो होतो. सहा इंची आरसा, सेकंडहँड. आरसे जुळवायला फोकसरमध्ये लेझर घातला, लाल ठिपका मुख्य आरशाच्या बरोब्बर मधोमध आणला आणि खूश होऊन आयपीस लावला. ताऱ्यांना सगळ्या एकाच बाजूला शेपट्या! लेझर परत लावला, तर ठिपका सरकलेला. आरशांना कुणी हात लावला नव्हता. फरक एवढाच की लेझर धरून ठेवणारा फोकसरचा स्क्रू मी पहिल्यांदा हलका आवळला होता आणि आता चांगला जोर लावून. तासभर कोडमधला बग शोधावा आणि शेवटी टेस्टच चुकीची निघावी, तसं झालं.

आयपीस मधोमध बसणं एवढं अवघड का असावं, हे शोधत गेलो आणि सतराव्या शतकातल्या हॉलंडला पोचलो. तिथे दोन भावांनी आयपीस ज्यात बसवायचा ती नळीच काढून टाकली होती.

वेडेपणाला कारण होतं. साध्या भिंगातून निळा आणि तांबडा प्रकाश एकाच ठिकाणी गोळा होत नाही, त्यामुळे ग्रहांभोवती रंगीत झालर दिसते. त्या काळी यावर एकच उपाय ठाऊक होता : भिंग कमी फुगीर करायचं आणि दुर्बीण लांबवायची. लांबवता लांबवता डान्झिगचा हेवेलियस १५० फुटांवर, म्हणजे जवळपास ४५ मीटरवर पोचला. एवढी लाकडी नळी डोलकाठीला दोरखंडांनी टांगायची; वारा आला की ती हलणार, दमट हवेत दोरखंड ताणले जाणार. सगळी भिंगं एका रेषेत राहतील कशी?

क्रिस्तियान हायगेन्स (शनीचा चंद्र टायटन शोधणारा तोच) आणि त्याचा थोरला भाऊ कॉन्स्टंटाइन भिंगं स्वतः घासायचे. १६८४ साली क्रिस्तियानने आपली युक्ती छापली. उंच खांबावर मोठं भिंग, एका छोट्या नळकांड्यात, कुठेही वळेल अशा गोलकावर बसवलेलं. खाली निरीक्षकाच्या हातात आयपीस. दोघांमध्ये फक्त एक दोरी! दोरी ताणली की वरचं भिंग आपोआप खालच्या माणसाकडे तोंड करायचं. अंतर आणि दिशा, दोन्ही कामं त्या दोरीची.

अंधारात भिंग नीट वळलंय की नाही हे कसं कळणार? निरीक्षक हातात दिवा धरायचा. त्याचा उजेड भिंगावरून उलटून डोळ्यात आला की समजायचं, भिंग आपल्याकडेच बघतंय. माझा लेझर तरी दुसरं काय करतो?

भावांनी केलेलं एक भिंग १२३ फुटी होतं. मी आकडेमोड करून पाहिली. साडेसदतीस मीटर अंतरावर गुरूचं बिंब साधारण ८ मिलीमीटरचं पडतं. आकाश फिरत असल्यामुळे ते सेकंदाला पावणेतीन मिलीमीटर सरकतं. म्हणजे मिनिटाला सोळा सेंटिमीटर या वेगाने माणसाने हातातला आयपीस घेऊन, दोरी ताणलेली ठेवून, अंधारात सरकत राहायचं. मला तर थंडीत एका जागी नीट उभंही राहता येत नव्हतं.

तरी हे जमायचं, कारण भिंगाची लांबी त्याच्या रुंदीच्या दीडशेपटीहून जास्त असे. प्रकाशाचा शंकू इतका निमुळता की आयपीस दोनेक सेंटिमीटर पुढेमागे झाला तरी प्रतिमा बिघडत नसे. माझ्या एफ ५ दुर्बिणीत हीच सूट केसाच्या जाडीहून कमी आहे.

हे १२३ फुटी भिंग पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेलं. ते टांगायला खांब हवा होता. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर वसंतोत्सवाचा उंच खांब होता. तो काढल्यावर न्यूटनने मिळवला आणि वॉनस्टेडला जेम्स पाउंड या पाद्र्याकडे पाठवला. ज्याच्याभोवती लोक नाचायचे त्याच्यावर आता हायगेन्सचं भिंग चढलं. पाउंडचा भाचा जेम्स ब्रॅडली यात तरबेज झाला. १७२२ साली त्याने २१२ फुटी दोरीच्या दुर्बिणीने शुक्राचा व्यास मोजला. कल्पना करा, ६५ मीटर लांब दोरी!

पण तोवर खेळ संपत आला होता. १७२१ मध्ये जॉन हॅडलीने सुमारे सहा इंची आरशाची दुर्बीण रॉयल सोसायटीला दाखवली. नळी फक्त सहा फूट. पाउंड आणि ब्रॅडलीने ती १२३ फुटी भिंगाशी ताडून पाहिली. प्रतिमा थोडी मंद, पण तेवढंच वर्धन तीही पेलत होती. आरशाला रंगांची भानगडच नसते.

आखूडपणाची किंमत मात्र आहे, आणि ती मी मुळशीत मोजली. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत शेपट्यांशिवाय तारे दिसतील अशी जागा मधोमधच असते आणि एफचा आकडा निम्मा केला की तिचा व्यास आठवा हिस्सा उरतो. माझ्याकडे ती तीनेक मिलीमीटरच आहे. उलट सव्वा इंची आयपीस फोकसरमध्ये सहज जायला थोडी फट ठेवावीच लागते. एका बाजूचा एकुलता एक स्क्रू सगळी फट दुसऱ्या बाजूला ढकलतो आणि नळकांडं किंचित कलवतो. तीस मिलीमीटर आत गेलेलं नळकांडं एका टोकाला ०.१ मिलीमीटर कललं, तर माझ्या पाऊण मीटर फोकल लेंग्थला ठिपका अडीच मिलीमीटर सरकतो. बरं, लेझर एका तऱ्हेने कलतो, आयपीस दुसऱ्या. मी आरसे जुळवले ते लेझरसाठी. बघत होतो आयपीसमधून.

स्क्रूखाली पितळी पट्टी असलेले किंवा चारी बाजूंनी सारखं आवळणारे फोकसर मिळतात. माझं बजेट संपलं होतं. नळकांड्याला दोन ठिकाणी, वर आणि खाली, चिकटपट्टीचा एकेक वेढा दिला, फट भरली. आता लेझर फक्त सुरुवातीला लावतो. मग आयपीस बसवून स्क्रू आवळायचा, एक तारा मधोमध आणायचा, फोकस जरा बिघडवायचा आणि ताऱ्याभोवतीची वर्तुळं एककेंद्री दिसेपर्यंत मुख्य आरशाचे स्क्रू फिरवायचे. मित्र टॉर्च धरून उभा असतो आणि दर दोन मिनिटांनी विचारतो, झालं का?