पडद्यावरची शिकार : नेम, वर्म आणि वास्तव

शिकार हा मानवाचा अतिप्राचीन उद्योग होय. आणि शिकारीचे सोंग हा त्याचा जुना छंद. जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुग्यांवर नेम धरणारी मुले सर्वांच्याच परिचयाची आहेत. या छंदाला विसाव्या शतकात यंत्राची जोड मिळाली, पुढे तो दूरचित्रवाणीच्या आणि संगणकाच्या पडद्यावर आला. या यांत्रिक शिकारीचा इतिहास फार जुना नाही. परंतु त्यात एक प्रश्न हळूहळू मोठा होत गेलेला दिसतो. गोळी लागली म्हणजे नेमके काय झाले, हा तो प्रश्न.

प्रारंभी तो कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. १९३६ साली शिकागो येथील सीबर्ग या कंपनीने ‘रे-ओ-लाइट’ नावाचे यंत्र बाजारात आणले. नाणे टाकताच गाणे वाजविणाऱ्या पेट्यांसाठी ही कंपनी प्रसिद्ध होती. या यंत्राच्या बंदुकीतून गोळीऐवजी प्रकाशाचा झोत निघे आणि सरकत्या बदकात प्रकाश ओळखणारी एक नळी बसविलेली असे. झोत नळीवर पडला की नेम लागला. त्या बदकाला मान, पंख, पोट असे काही वेगळे नव्हतेच.

पुढचा टप्पा शाळेच्या वर्गात घडला. १९७१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस येथे डॉन रॉविट्श, बिल हाइनेमन आणि पॉल डिलनबर्गर या तीन शिकाऊ शिक्षकांनी ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ रचला. पश्चिमेकडे बैलगाड्यांतून निघालेल्या वसाहतवाल्यांचा इतिहास मुलांना कळावा, हा त्यामागील हेतू. खेळास पडदा नव्हता. सारा मजकूर टंकयंत्राच्या कागदावर उमटे. शिकारीची वेळ आली की बंदुकीच्या बाराचा ‘बँग’ हा शब्द बिनचूक आणि चपळाईने टंकावयाचा. बोटे जलद चालली तर अन्न मिळे, अडखळली तर सावज निसटे. १९८५ च्या आवृत्तीत शिकार चित्ररूपाने होई आणि तीत एक मार्मिक नियम होता : कितीही मोठा गवा मारला तरी गाडीपर्यंत १०० पौंडच मांस नेता येई. उरलेले रानातच पडे. मारणे आणि उपयोगी पडणे यांतील अंतर त्या लहानशा नियमाने असंख्य मुलांच्या लक्षात आणून दिले.

१९८४ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीचा ‘डक हंट’ आला. त्यातील युक्ती सीबर्गच्या यंत्राच्या नेमकी उलट होती. येथे बंदूक प्रकाश फेकीत नसे, प्रकाश पाहात असे. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होई, लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटे आणि नळीतील डोळ्याला तो दिसला तर नेम लागला असे ठरे. हुकल्यास गवतातून कुत्रा डोके काढून हसे. जखमी बदक मात्र या खेळातही नव्हते. लागले किंवा हुकले, एवढाच हिशेब.

१९९७ साली अमेरिकेत ‘डीअर हंटर’ हा स्वस्त खेळ मोठमोठ्या दुकानांतून विकावयास आला आणि विक्रीच्या याद्यांत अग्रभागी जाऊन बसला. खेळांच्या जाणकारांना याचे नवल वाटले. कारण त्यात बराच वेळ काहीच घडत नसे. नकाशावर जागा निवडावी, खुरांचे ठसे पाहावेत, मचाणावर वाट पाहात बसावे. पण हेच खऱ्या शिकाऱ्यांना पटले. येथून या खेळांनी वास्तवाची वाट धरली. २००९ मध्ये स्वीडनमधून ‘द हंटर’ आणि २०१७ मध्ये त्याचाच वारस ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ आला. २०२२ मध्ये स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथे तयार झालेला ‘वे ऑफ द हंटर’ प्रसिद्ध झाला. या खेळांत जनावराच्या देहात हृदय, फुफ्फुसे, यकृत, हाडे हे सारे आपापल्या जागी असते. सावज पडल्यानंतर गोळीचा मार्ग पडद्यावर दाखविला जातो, आणि ते किती लवकर मेले व वापरलेले काडतूस त्याला योग्य होते की नाही, यावरून गुण मिळतात.

गंमत अशी की, वास्तव जसजसे वाढत गेले तसतशी खेळणाऱ्यांची तक्रारही वाढली. “नेम थेट काळजावर धरला होता, तरी हरीण पळाले, हा खेळ खोटा आहे,” असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. या तक्रारीचे परीक्षण करू गेल्यास काय दिसते?

हरणाचे हृदय छातीच्या तळाशी, पुढच्या पायांच्या मध्ये असते. फुफ्फुसे त्याच्या वर आणि मागे पसरलेली असतात. जनावर आडवे उभे असेल तर खांद्याच्या किंचित मागे मारलेली गोळी वर्मी बसते. तेच तिरपे उभे असेल तर त्याच जागी शिरलेली गोळी एक फुफ्फुस भेदून पोटात जाते. नेमाची खूण कातडीवर दिसते, वर्म आत असते. शिवाय अंतराचा हिशेब आहे. सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघालेली गोळी ३०० मीटरवर पोहोचेपर्यंत नळीच्या रेषेखाली सुमारे पाऊण मीटर उतरते, आणि त्या अवधीत चालते जनावर अर्धा मीटर पुढे सरकलेले असते. आणि हृदय फुटले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर हरीण दहा-पंधरा सेकंद धावू शकते. तेवढ्यात ते शंभर मीटर सहज ओलांडते. जागच्या जागी कोसळते ते बहुधा मेंदूवर किंवा कण्यावर घाव बसलेले जनावर. म्हणजे खेळणारा ज्याला खोटे म्हणतो, तेच पुष्कळदा खरे असते.

आणि जे खरोखर खोटे असते, त्याविषयी तो क्वचितच कुरकुरतो. जुन्या शिकाऱ्यांना रक्त वाचता येत असे : फेसाळ, गुलाबी रक्त फुफ्फुसाचे, काळपट दाट रक्त यकृताचे, हिरवट घाण मिसळलेली दिसली तर गोळी पोटात. पोटात गोळी लागलेल्या जनावरामागे लगेच धावावयाचे नाही, कित्येक तास थांबावयाचे, आणि मग शोधून त्याची सुटका करावयाची, हा त्यांचा दंडक. जनावर जायबंदी करून सोडून देणे हा शिकाऱ्याला मोठा कलंक वाटे. पडद्यावर हे तास मिनिटांवर येतात, रक्ताचा माग ठळक दिसतो, आणि कंटाळा आल्यास यंत्र बंद करून निजता येते. रान पुन्हा भरते.

भारतात हा प्रश्न निराळ्या अर्थाने महत्त्वाचा आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे शिवपुरी येथील शिकारीचे रान आज माधव राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही बंद झाले. ते योग्यच झाले. पण त्यामुळे गोळी लागलेल्या जनावराचे काय होते हे प्रत्यक्ष जाणणारी पिढी मावळत चालली आहे, आणि बहुतेक तरुणांना त्याचे जे काही ज्ञान होईल ते पडद्यावरूनच होणार आहे.

म्हणून या खेळांत वास्तव असावे की नसावे, हा केवळ करमणुकीचा वाद नव्हे. बदक लागले की पडले, असे शिकविणारा खेळ निरुपद्रवी असेल. परंतु घोडा ओढल्यावर काम संपले, असा समज तो मनात ठेवून जातो. पळून गेलेल्या हरणामागे रक्ताचे थेंब शोधीत, वैतागत का होईना, पाऊल टाकावयास लावणारा खेळ अधिक खरा. कारण बंदुकीचा बार झाल्यानंतरच शिकाऱ्याची जबाबदारी सुरू होते, एवढी गोष्ट तो सांगतो. त्या वैतागाचे मोल खेळणाऱ्याने जाणावे.