बॅलार्ड पिअर (मुंबई)

मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीला लागून, दक्षिण अंगाला असलेला प्रवासी जहाजांचा धक्का. येथील नव्या मुंबई इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन 20 सप्टेंबर 2025 रोजी झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून धक्का सुमारे एक किलोमीटरवर आहे. त्यामुळे गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने साडेनऊशे किलोमीटर ओलांडून आलेला प्रवासीही गाडीतून उतरून चालत जहाजापर्यंत पोचू शकतो. दक्षिणेला नौदलाची गोदी, पश्चिमेला बॅलार्ड इस्टेटच्या इमारती आणि पूर्वेला खाडीपल्याड उरणचा किनारा अशी धक्क्याची चतुःसीमा.

मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना 1873 साली झाली. तिचे पहिले अध्यक्ष कर्नल जे. ए. बॅलार्ड यांचे नाव या धक्क्याला मिळाले. प्रिन्सेस डॉक (1880) आणि व्हिक्टोरिया डॉक (1888) बांधूनही कापसाच्या व्यापाराला जागा पुरेना, तेव्हा दक्षिणेला अलेक्झांड्रा डॉकची खोदाई सुरू झाली. ही गोदी 21 मार्च 1914 रोजी वापरात आली. आजची इंदिरा गोदी ती हीच. खोदून काढलेली माती आणि दगड शेजारच्या समुद्रात टाकून सुमारे 22 एकर जमीन तयार करण्यात आली. त्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. तिचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचेच. दर्शनी भागांची सारखी उंची आणि रुंद पदपथ यांमुळे रविवारी सकाळी, कचेऱ्या बंद असताना, हा भाग मुंबईचा वाटतच नाही.

धक्क्याचे वेगळेपण त्याच्या जागेत आहे. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत चार-पाच मीटरचा फरक पडतो. भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या मुलखातील माणसाला पाण्याचा चढ-उतार ठाऊक असतो, पण तो पावसाळा ते उन्हाळा असा वर्षाचा. इथे तो दिवसातून दोनदा होतो. म्हणून गोदीला दरवाजे असतात. ते बंद करून आतले पाणी धरून ठेवतात, म्हणजे मालाचे जहाज सतत तरंगते राहते. बॅलार्ड पिअर मात्र या दरवाजांच्या बाहेर, उघड्या बंदराच्या बाजूला आहे. टपाल घेऊन येणाऱ्या आगबोटीला दरवाजा उघडण्याची वाट पाहायला लागू नये, ही त्यामागची गरज. आजच्या अवाढव्य क्रूझ जहाजांनाही हीच जागा सोयीची ठरली आहे.

धक्क्यालगत बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वेस्थानक होते. विलायतेच्या बोटीतून उतरलेला साहेब आणि टपालाच्या थैल्या तिथूनच पंजाबकडे किंवा कलकत्त्याकडे रवाना होत. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात बोटीच्या वेळा सांभाळून इथून सुटे. 29 ऑगस्ट 1931 रोजी गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले. त्या वर्षीच्या 28 डिसेंबरला ते ‘पिल्स्ना’ बोटीने परतले आणि आठवडाभरातच, 4 जानेवारीला, त्यांना अटक झाली.

मराठी माणसाच्या आठवणीतली बोट मात्र बहुधा या धक्क्याची नसते. कोकणात जाणारा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून निघे. बॅलार्ड पिअर पासपोर्टवाल्यांचा. गोदीत हमाली करणारे, क्रेन चालवणारे हात मात्र बरेचसे त्याच चाकरमान्यांचे होते. 14 एप्रिल 1944 रोजी उत्तरेकडील व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.

पुढे विमानांनी प्रवासी नेले. 1989 साली खाडीपलीकडे न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि कंटेनर तिकडे वळले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या बुजवण्यात आल्या. इंदिरा गोदीत पोलाद आणि निर्यातीच्या मोटारी अजून चढतात-उतरतात, त्यामुळे या जागेला ‘माजी’ औद्योगिक बंदर म्हणणे घाईचे होईल. क्रूझ जहाजाच्या वरच्या डेकवर उभे राहिले की पोहण्याचा तलाव आणि मालाच्या क्रेन एका नजरेत येतात.

नव्या टर्मिनलची पायाभरणी जानेवारी 2018 मध्ये झाली. खर्च सुमारे 556 कोटी रुपये. इमारतीचे क्षेत्रफळ 4 लाख 15 हजार चौरस फूट असून तपासणी व इमिग्रेशनसाठी 72 खिडक्या आहेत. वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय होईल, असा आराखडा आहे. छत आणि बसण्याचे बाक लाटांसारखे वळवलेले आहेत. मुख्य हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो. येथून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या होतात. जुन्या बोटीचा प्रवासी इथून कुठेतरी जात असे. क्रूझचा बराचसा प्रवासी तीन-चार रात्रींनी याच धक्क्यावर परत येतो.

प्रवेश ग्रीन गेटच्या बाजूने आहे. गोदीचे दरवाजे रंगांच्या नावांनी ओळखण्याची जुनी पद्धत टॅक्सीवाल्यांच्या तोंडी अजून टिकून आहे. यलो गेट, ऑरेंज गेट ही नावे त्याच कुळातली. बंदराचे क्षेत्र संरक्षित असल्यामुळे तिकिटाशिवाय केवळ हौसेने धक्का पाहता येत नाही. ज्यांना जहाजात चढायचे नाही, त्यांनी गेटवेहून घारापुरीची लाँच धरावी. नौदलाच्या युद्धनौका मागे पडल्या की डाव्या हाताला गोदीच्या क्रेन दिसू लागतात, आणि क्रूझ आलेली असेल तर त्यांच्यापुढे पांढऱ्या खिडक्यांची भिंत उभी असते.